बाबा, रंकाळ्यावर परत फिरायला जा

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बाबा "बरं, बरं, हिला देतो" म्हणतात आणि आईला नेमकं तेव्हाच गॅसवर दूध ठेवलेलं असतं. म्हणून पत्र. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत बारीक अक्षरावर डोळे ताणायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि बाबा ऐकत नाहीत हे मला इथे बसून दिसतंय.

बाबा, तीन आठवडे तुम्ही रंकाळ्यावर गेला नाहीत म्हणे. पाऊस नाही, गुडघाही बरा आहे. मग कारण राहिलं एकच, तुमचे मित्र मास्तर. कट्ट्यावर चारचौघांत ते म्हणाले, "सर, तुम्ही तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं आणि घरी जाऊन बायबल वाचून सहा दिवसांत जग झालं म्हणता?" सगळे हसले. तुम्ही उठून घरी आलात, चहासुद्धा घेतला नाहीत. त्याच संध्याकाळी तुमच्या नातवानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजोबा, डायनासोर नोहाच्या तारवात होते का?" आणि मास्तरांवरचा राग त्या बिचाऱ्यावर निघाला. तो अजून मला विचारतोय की यात ओरडण्यासारखं काय होतं.

मला तुमच्या बाजूनं बोलायचंय. पण त्याआधी थोडं तुमच्याशी भांडावं लागेल.

गेल्या महिन्यात भुदरगडकडच्या एका गावात बोअर मारायची होती. जागा मी दाखवली होती, म्हणून शेवटपर्यंत उभी राहिले. दर दहा फुटांना वर आलेला भुगा आम्ही पोत्यावर ओळीनं मांडतो, लहान लहान ढिगाऱ्या करून. सुरुवातीला पिवळट मुरूम. मग काळा पाषाण, त्याचा भुगा ओल्या राखेसारखा निळसर. एकशे दहा फुटांना एकदम लाल, विटेच्या चुऱ्यासारखा. "गेरू लागला, मॅडम," रिगवरचा पोरगा म्हणाला. एकशे वीसला परत काळा. मी ती लाल ढिगारी चिमटीत घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे, पोरगा हसायला लागला.

बाबा, आपला सगळा मुलूख लाव्हाचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला आणि पसरला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. दोन थरांच्या मध्ये जेव्हा मोठी उसंत मिळाली, तेव्हा खालच्या थरानं ऊन-पाऊस खाल्ला, त्याची माती झाली, आणि त्या मातीवर पुढचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. तोच तो लाल पट्टा. खडकाची माती व्हायला हजारो वर्षं लागतात, आणि असे पट्टे डोंगर कापलेल्या रस्त्यांना एकावर एक दिसतात. जग सहा हजार वर्षांचं आहे या हिशेबात हे कोंबता येत नाही. त्याच गावात आपल्या चर्चच्या मंडळीतले एक काका मला समजावत होते की हे थर नोहाच्या जलप्रलयात साचले. काकांशी मी वाद घातला नाही. पण तुम्ही 2019 चा पूर पाहिलाय. पंचगंगेनं आपल्या घरात काय ठेवलं होतं? चिखल. आईनं चार दिवस खरवडून काढला. पुरानं गाळ साचतो, लाव्हा नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मास्तर बरोबर. नाही. मास्तरांचं आणि तुम्ही मोबाइलवर ऐकता त्या कोटवाल्या ख्रिस्ती प्रचारकाचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे, ते तुमच्या लक्षात आलंय का? दोघंही म्हणतात, सहा दिवस चोवीस-चोवीस तासांचे नसतील तर अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, खोटं. एक त्यावरून शास्त्र फेकून देतो, दुसरा दगडांचा पुरावा. मला हा सौदाच मान्य नाही.

बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय परत वाचा. सूर्य चौथ्या दिवशी आहे. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशानं झाली? दुसऱ्या अध्यायात तर हे सगळं 'ज्या दिवशी' घडवलं असा एकच दिवस येतो. ही अडचण मी शोधलेली नाही. संत ऑगस्टीन, आपले मोठे धर्मपंडित, 430 साली वारले, डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी. त्यांनाही हे दिवस आपल्या दिवसांसारखे वाटत नव्हते. त्यांनी बजावूनही ठेवलंय की तारे, प्राणी, दगड यांबद्दल ख्रिस्ती माणूस परक्यांसमोर भलतंसलतं बोलला, तर ते पुनरुत्थानाबद्दलही त्याचं कशाला ऐकतील? सहा हजारांचा आकडा आला बिशप अशर यांच्याकडून. त्यांनी 1650 मध्ये वंशावळ्यांची बेरीज केली आणि इसवी सनापूर्वी 4004 असं वर्ष काढलं. पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात ते छापलं गेलं आणि लोकांना तेच शास्त्र वाटू लागलं. समासातल्या आकड्यासाठी तुम्ही रंकाळा सोडलात, बाबा.

बरं, उलट्या टोकालाही जाऊ नका. तुम्ही मागे मला उत्साहानं सांगितलं होतं की विश्वाला सुरुवात होती हे शास्त्रज्ञांनीच मान्य केलं, म्हणजे देव सिद्ध झाला. त्या कल्पनेचा, म्हणजे महास्फोटाच्या सिद्धांताचा, एक जनक जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतंय हे त्यानं 1927 मध्ये मांडलं. 1951 मध्ये पोपनी या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीचा पुरावा पाहिला, तर याच फादरला ते रुचलं नाही. त्याचं म्हणणं, माझं गणित उद्या चुकलं तर? गणिताला गणित राहू द्या. रोज मिस्सा म्हणणारा माणूस होता तो. वाटाण्यांवरून आनुवंशिकता शोधणारा मेंडेलही मठातलाच. विज्ञान आणि विश्वास यांचा उभा दावा आहे असं मास्तर म्हणाले तर ही दोन नावं सांगा. मात्र गॅलिलिओचं नाव ते काढतील, तेव्हा सारवासारव करू नका. 1633 मध्ये चर्च चुकलं होतं, सरळ कबूल करा.

"मग देवाला कोणी केलं?" हा त्यांचा दुसरा आवडता. याला फार वेळ देऊ नका. जे सुरू झालं त्याला कोणी सुरू केलं हे विचारता येतं. आपण ज्याला देव म्हणतो तो त्या रांगेतला पहिला नंबर नव्हे, रांग ज्याच्यामुळे आहे तो. हे मास्तरांना पटणार नाही, पण आपलं म्हणणं काय आहे एवढं तरी त्यांना नीट कळेल. बायबलचा मजकूर मागाहून बदललाय हा आक्षेप तर आता जुना झाला. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहांत बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाची गुंडाळी सापडली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षं जुनी, आणि मजकूर बहुतांशी तोच.

मला थांबायचंय ते वेगळ्या जागी.

आपल्या घरात सृष्टीवरचा विश्वास कुठून आला? तारखेतून नाही आला. पणजोबांची गोष्ट तुम्हीच सांगायचा. महारवाड्यातलं पोर, विहिरीपासून लांब उभं राहून कुणी ओंजळीत पाणी ओतेल याची वाट बघायचं. मिशनच्या शाळेत गेले तेव्हा मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं की देवानं मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचं केलं. पणजोबांनी विचारलं, "मनुष्य म्हणजे कोण कोण?" बाई म्हणाल्या, "सगळे." ते त्या दिवशी घरी पळत गेले आणि आपल्या आईला म्हणाले, "आये, आपुन पन." एवढंच. तुमच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना दर वेळी "आपुन पन"ला तुमचा आवाज जड व्हायचा.

उत्पत्ती लिहिलं गेलं त्या काळी आजूबाजूच्या मोठ्या राज्यांत देवाची प्रतिमा म्हणून राजाला मिरवायचे. उत्पत्तीच्या पहिल्या पानानं तो मान राजाकडून काढून सगळ्यांना वाटून टाकला, बायकांनाही, तिथेच, त्याच ओळीत. ज्या सूर्य-चंद्रांना लोक हात जोडत त्यांची तिथे नावंसुद्धा घेतलेली नाहीत. मोठी ज्योती आणि लहान ज्योती, म्हणजे टांगलेले दिवे. ते पान जग किती दिवसांत झालं हे सांगायला बसलेलंच नाही. ते सांगतंय की जग कुणाचं आहे आणि त्यात तुझी जागा कोणती. माझ्या दगडांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मी रोज विचारते.

मास्तर स्वतःला सत्यशोधक म्हणवतात, घरात जोतीरावांचा फोटो आहे. मग त्यांना निर्मिकाची आठवण करून द्या. सगळ्या स्त्रीपुरुषांना एका निर्मिकानं घडवलं, म्हणून जन्मानं कुणी वरचा नाही, हे जोतीरावांचंच म्हणणं. कोल्हापुरात 1911 मध्ये सत्यशोधक समाज उभा राहिला तो शाहू महाराजांच्या पाठबळावर. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यांना आपल्या खात्यात ओढायचं काही कारण नाही. पण निर्मिक काढून टाकला तर समतेचा पाया कशावर ठेवायचा, हे मास्तरांना प्रेमानं विचारा. कदाचित त्यांच्याकडे उत्तर असेल. मला ते ऐकायला आवडेल.

आणि "दूध पावडरीवर बाटले" हे जे कुणीतरी मागून बोललं म्हणे (मास्तर नव्हे, हे आईनं मुद्दाम सांगितलं), त्यावर गप्प बसायची गरज नव्हती. मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 मध्ये कोल्हापुरात आले हे खरं. पण नारायण वामन टिळकांना ख्रिस्ती होताना कुणी पावडर दिली होती? पंडिता रमाबाईंना? भुकेल्या माणसाला कुणी भाकरी दिली असेल तर त्याची लाज देणाऱ्यालाही नको आणि खाणाऱ्यालाही नको. लाज वाटायचीच असेल तर चर्चमध्ये येऊनही आपण जाती विसरलो नाही याची वाटावी. लग्नं जमवताना काय काय विचारलं जातं ते आई सांगेल.

आता पूर. मास्तरांचा खरा प्रश्न तोच होता, बाकीची चेष्टा. "तुमच्या देवानं एवढं छान जग केलं, मग ऑगस्ट 2019 ला काय झोपला होता?" याला माझ्याकडे उत्तर नाही, बाबा. पावसाचं कारण सांगता येईल, धरणांचं सांगता येईल, नदीपात्रातल्या बांधकामांचं तर मी दोन तास सांगेन. पण शिरोळकडे ज्यांची माणसं गेली त्यांना ते सांगून काय उपयोग? बायबलात सगळं गमावून बसलेल्या ईयोबालाही उत्तर मिळालं नाही. त्याला देवाचा उलट प्रश्न आला, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? आणि शेवटी देव रागावला कोणावर, आठवतंय? ईयोबावर नाही. देवाची बाजू घेऊन पानंच्या पानं वाद घालणाऱ्या त्याच्या मित्रांवर. ते मला हल्ली फार आठवतं.

पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 च्या वर गेलं त्या रात्री तुम्ही दोघं कुठे होतात? राजारामपुरीत, मास्तरांच्या घरी. नऊ दिवस. आईनं मला मागाहून सांगितलं, ती पहाटे पाचला त्यांच्या स्वयंपाकघरात प्रार्थनेला बसायची. मास्तर रेडिओवर पाण्याची पातळी ऐकायला उठायचे. ते दारात यायचे, तिला बघायचे आणि रेडिओ बंद करून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. "देव कुठे आहे" हे त्या नऊ दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नाही.

कुरियरनं एक डबा पाठवतेय. त्यात तीन पुड्या आहेत, 100, 110 आणि 120 फूट असं लिहिलेल्या. लाल पुडी मास्तरांना द्या, सांगा की पोरीनं पाठवलीय आणि ती 6.6 कोटी वर्षं मानते, आणि दर रविवारी चर्चलाही जाते. नातवाला सांगा, डायनासोर तारवात नव्हते. ते माझ्या या दगडांच्या वेळेपर्यंतच होते. आणि माझ्या जुन्या कपाटात खालच्या खणात ती पांढरी गारगोटी आहे, खाणीवरून तुम्ही आणली होती ती. उन्हात धरून तुम्ही मला विचारलं होतं, "हे कुणी घडवलं असेल, सांग." मी सात वर्षांची होते. किती दिवसांत, असं तुम्ही विचारलं नव्हतं. ती त्याच्यासाठी काढून ठेवा.

आई, नाताळला करंज्या मी आल्यावरच करू, एकटी लाटत बसू नकोस. डोळ्यांचे थेंब दिवसातून चारदा, तीनदा नाही.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, रागावू नका, मी मास्तरांना फोन केला होता. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सरांचा गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. बुधवारी सकाळी साडेसहाला ते आपल्या कोपऱ्यावर थांबणार आहेत.