बाहुली, वॉर्ड आणि तुझी तक्रार

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, अख्खा. "बाहुल्यांवर शिकलेल्या पोरी वॉर्डात पाठवता नि निस्तरायचं आम्ही" म्हणतेस ना, मग आता माझं पण ऐक, फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय.

बाहुल्या काही नव्या नाहीत गं, अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलात १९११ सालीच मिसेस चेस नावाची माणसाएवढी बाहुली आली होती नर्सिंगच्या मुलींसाठी. नंतर २०१४ मध्ये तिकडच्या नर्सिंग बोर्डांच्या कौन्सिलने मोठा अभ्यास छापला, १० ठिकाणच्या मुली, काहींचे क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे, २५ टक्के तास सिम्युलेशनमध्ये, म्हणजे बाहुल्यांवरच्या खोट्या केसमध्ये, काहींचे चक्क ५०, तरी लायसन्सच्या परीक्षेत म्हण, नोकरीच्या पहिल्या ६ महिन्यांत म्हण, म्हणावा असा फरक निघाला नाही. हे सगळे सांगतात. पण तिथे शिकवणारे नीट ट्रेन केलेले होते आणि केस संपली की बसून डीब्रीफिंग, म्हणजे काय जमलं नि काय चुकलं याची चर्चा, व्हायचं, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे कित्येक ठिकाणी मॅनिकिन, म्हणजे हीच बाहुली, कव्हर घालून कुलपात, इन्स्पेक्शनला बाहेर! त्यामुळे ते ५० टक्के आपल्याकडे मला तरी पटत नाहीत.

सलाईनचंच घे. लॅबमधल्या रबरी हाताला आधीच्या बॅचने इतकी भोकं पाडलीत की पोरी शीर चाचपतच नाहीत, भोक बघून सुई घालतात, लाल पाणी आलं की खूश. तुझ्या वॉर्डात आजीची शीर बोटाखालून पळते, आजी हात ओढून घेते आणि मागून मुलगा विचारतो, "सिस्टर, येतं ना तुम्हाला?" ते वॉर्डातच शिकायचं, मान्य.

पण पीपीएच, बाळंतपणानंतरचा तो अतिरक्तस्राव? बाई भळाभळा वाहतेय तेव्हा स्टुडंटला कोण हात लावू देतं, तूच ओरडतेस "बाजूला व्हा", आणि ती बिचारी ट्रे धरून भिंतीला चिकटते. लॅबमध्ये गर्भाशय तिनेच चोळायचं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन तिनेच मागायचं, चुकली तरी मी मध्ये पडत नाही, नंतर बसवून विचारते, मदतीला हाक इतक्या उशिरा का मारलीस? अर्धी शिकवणी त्या बसण्यातच होते बघ.

मामा नॅटली म्हणून एक सिम्युलेटर असतं, ते पोटाला बांधून जिवंत बाईच पेशंट होते, रक्त किती सोडायचं तेही तिच्याच हातात. आमच्याकडे बांधून बसते ती ट्युटर फारच गोड कण्हते, पोरी हसतात. तू ये ना एकदा नाइटनंतरच्या ऑफला, तुझ्यासारखं ओरडायला कोणाला जमतंय! फक्त रविवार नको, लॅबला कुलूप असतं.

तुझीच,
वैशू