कापड इचलकरंजीचे, नाव दुसऱ्याचे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इचलकरंजीच्या यंत्रमाग उद्योगासंबंधी आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्यांत वीजदर, सुताच्या भावातील चढउतार आणि मजुरीवाढ हे तीन विषय वर्षानुवर्षे फिरून येत असतात. तिन्ही प्रश्न खरे आहेत आणि ते सुटायलाच हवेत. मात्र उद्या ते मनासारखे सुटले, तरी कापडधंद्यातील मोठा नफा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात येणार नाही, कारण तो मागावर तयारच होत नाही. तो शर्टाच्या कॉलरच्या आत शिवलेल्या दोन बोटे रुंदीच्या लेबलावर तयार होतो.

खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचा, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन त्याला कापड विणून देणाऱ्याचा, हिशोब पाहावा. त्याची मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर ठरते. दर मीटरला एका पिकामागे 10 पैसे इतका चांगला दर धरला, तरी 60 पिकाच्या कापडाला मीटरमागे 6 रुपये होतात. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला मोठ्या पन्ह्याचे (रुंदीचे) पावणेदोन मीटर कापड धरले, तर त्या शर्टापोटी विणणाऱ्याच्या हाती साडेदहा रुपये येतात आणि त्यांतूनच कामगाराचा पगार, कांड्यांवर सूत भरून देणारा कांडीवाला, वीजबिल आणि मागाची दुरुस्ती भागवायची असते. हाच शर्ट नामांकित कंपनीचे लेबल लावून दीड-दोन हजारांना विकला जातो. मधल्या रकमेत प्रोसेसिंग, शिलाई, वाहतूक, कर आणि दुकानदाराचे कमिशन असते हे मान्यच आहे; पण ते सर्व वजा करूनही जे उरते, ते नावाच्या मालकाचे असते.

हे नाव घडवावे लागते आणि घडवणाऱ्या कंपन्या आपल्याच देशात आहेत. तयार कपड्यांच्या मदुरा कंपनीने 1989 मध्ये लुई फिलिप, 1990 मध्ये व्हॅन ह्यूसेन आणि 1993 मध्ये ॲलन सॉली बाजारात आणले आणि 1997 मध्ये कमी किमतीचे पीटर इंग्लंड त्यात घातले. साहेबाचा शर्ट, कचेरीचा शर्ट, शुक्रवारी कचेरीत चालणारा जरा मोकळा शर्ट आणि पहिल्या नोकरीतल्या मुलाचा शर्ट, असे एकाच घराने चार ग्राहक वेगळे केले आणि प्रत्येकाला त्याच्या ऐपतीचे नाव दिले. (लुई फिलिप हे फ्रान्सच्या राजाचे नाव, ते विलायती समजून अभिमानाने घालणारे अनेक गिऱ्हाईक मी पाहतो.) बंगळुरूच्या पेज इंडस्ट्रीजची वाट थोडी निराळी आहे. तिने जॉकी हे अंतर्वस्त्रांचे अमेरिकी नाव परवान्यावर घेतले, त्यासाठी ती रॉयल्टी मोजते आणि तरीही तिची भरभराट झाली आहे. नावावर उभ्या राहिलेल्या धंद्याला किती मोल येते हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील पीव्हीएच कंपनीने 2010 मध्ये टॉमी हिलफिगर ही कपड्यांची कंपनी विकत घेण्यासाठी सुमारे 3 अब्ज डॉलर मोजले होते.

ब्रँड म्हणजे नटनट्यांच्या जाहिराती, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो अर्धवट आहे. स्पेनमध्ये 1975 साली पहिले दुकान उघडणारी तयार कपड्यांची झारा कंपनी जाहिरातीवर फारच थोडा खर्च करते. तिचा पैसा मोक्याच्या जागांवर आणि नवी फॅशन काही आठवड्यांत दुकानात पोहोचवण्यावर खर्च होतो. माझ्या तयार कपड्यांच्या दुकानातला अनुभवही असाच आहे. कंपनीचा 40 नंबरचा शर्ट वडील अंगाला न लावता मुलासाठी घेऊन जातात, कारण मागच्या वर्षीचा 40 आणि यंदाचा 40 खांद्यात सारखाच बसतो. बिननावाच्या मालात एकाच गठ्ठ्यातले दोन शर्ट शेजारी ठेवले, तर बाह्या अर्ध्या इंचाने कमी-जास्त निघतात आणि पहिल्या धुण्यात रंग गेला तर तक्रार कोणाकडे करायची हे मलाही सांगता येत नाही. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. काही मोठ्या कंपन्या हंगाम संपल्यावर न विकलेला माल परत घेतात, त्यामुळे दुकानदार दर्शनी फळी त्यांनाच देतो. आपल्याकडच्या लहान उत्पादकाचे भांडवल मागच्या दिवाळीच्या उधारीत अडकलेले असते, त्याने माल परत घ्यायचा म्हटले तर धंदाच बसेल. या जिल्ह्यात स्वतःच्या नावाने शर्ट काढणारे नव्हते असे नाही. ते जाहिरातीअभावी नव्हे, या परत आलेल्या गठ्ठ्यांखाली दबले.

एकट्यादुकट्याला हे झेपणारे नाही, हे कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. दोन म्हशींचा शेतकरी मुंबईत स्वतःच्या नावाने दूध विकू शकत नव्हता. 1963 मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने गोकुळ हे एक नाव उभे केले आणि गावोगावच्या संस्थेत दुधाचे फॅट तपासल्याशिवाय ते घ्यायचे नाही, हा नियम ठेवला. नावाची पत त्या तपासणीवर उभी आहे. कापडात असे काही उभे करण्याचा नेटाने प्रयत्न आपण केलेला नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन नावाला कायद्याचे संरक्षण देते, गिऱ्हाईक आणून देत नाही.

राज्याच्या 2023 ते 2028 या काळासाठीच्या वस्त्रोद्योग धोरणावर आपल्याकडे झालेली चर्चा मुख्यतः वीजदर सवलतीभोवती फिरली. माझी सूचना एवढीच आहे की, इचलकरंजीतील सूतगिरण्या, यंत्रमाग संघटना आणि जिल्ह्यातील शिलाई उद्योजक यांनी एकत्र येऊन फक्त एकच वस्तू, समजा पुरुषांचा साधा सुती शर्ट, एका नावाखाली काढावी; माप, रंगाचा पक्केपणा आणि शिलाई यांची तपासणी उत्पादकांच्या हातात न ठेवता स्वतंत्र प्रयोगशाळेकडे द्यावी; आणि शासनाकडे मागायचेच असेल, तर पहिली पाच वर्षे न विकलेला माल परत घेण्यासाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलावरील व्याजाची सवलत मागावी. तपासणीत नापास झालेला माल संचालकाच्या भावाचा असला तरी परत पाठवण्याची तयारी आहे का, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे लागेल.

आपला,
एक कापड दुकानदार, महाद्वार रोड, कोल्हापूर