आई, तुझी पत्रं वाचते आहे

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

सकाळी फोनवर बाबांनी विचारलं, "फ्रेंच शिकून पुढे काय?" मी "बघू" म्हणून विषय संपवला. बाबा, ते काही उत्तर नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

पंधरा वर्षं नोकरीत मी फ्रेंचच करत होते, पण यंत्रांच्या माहितीपुस्तिकांपुरतं. झडप उघडण्याआधी दाब तपासा, असलं. या भाषेत माणसं रुसतात, रडतात, आईची आठवण काढतात, ते माझ्या कानावर कधी आलंच नाही. बेचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं ते त्यासाठी. पैशांचं नीट बघून ठेवलं आहे, दोन शिकवण्याही धरल्या आहेत. त्याची काळजी नसावी.

वर्ग फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात भरतात. बरोबरची मुलं विशीतली. परवा आकड्यांवरून गप्पा चालल्या होत्या. फ्रान्समध्ये बाबांचं वय 'साठ-पंधरा' असं सांगतील! ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. मुलं म्हणाली, ही काय मोजायची रीत झाली? मला मात्र आजी दिसली, पडवीत आंबे मोजताना "चार विसा झाले गो" म्हणणारी. तिला हे आकडे एका दुपारीत आले असते.

सध्या मादाम द सेव्हिन्ये वाचतो आहोत. सतराव्या शतकातली ही बाई. मुलगी लग्नानंतर पॅरिस सोडून नवऱ्याकडे दूर दक्षिणेला, प्रोव्हान्सला गेली, आणि १६७१च्या फेब्रुवारीत आईची पत्रं सुरू झाली. मुलगी गेली त्या दिवसाचं रडणं, मग शेजारपाजार, राजदरबार, पाऊसपाणी, तब्येती, सगळं त्यांत आहे. दोघी एकत्र असल्या की पत्रं थांबायची, ताटातूट झाली की पुन्हा सुरू. १६९६ मध्ये ती वारली तीही लेकीच्याच घरी.

आम्हाला त्यातल्या एका पानाचं मराठी करायचं होतं. ती मुलीला 'मा बॉन' म्हणते. शब्दाला शब्द ठेवला तर 'माझी चांगली'. असं आपल्यात कुठली आई लेकीला म्हणते? 'लाडके' लिहिलं, खोडलं. 'बाळे' लिहिलं, तेही खोडलं. रात्री ओटा पुसताना एकदम तुझा आवाज आला, आई. "बयो, जेवलीस का?" हातातलं फडकं तसंच टाकून मी 'बयो' लिहिलं.

पण गंमत पुढेच आहे. ही आई लेकीला 'व्हू' म्हणते, म्हणजे आपलं 'तुम्ही'. तेव्हाच्या त्या घराण्यांत तशीच रीत होती. आता 'बयो, तुम्ही' कसं लिहायचं? मी 'तू' केलं. बाई म्हणाल्या, माया आली पण शतक गेलं. त्यावर आमचा अख्खा तास गेला, आणि इतका आनंदाचा तास मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. बाबा, तुमच्या प्रश्नाला आज माझ्याकडे हेच उत्तर आहे. पुढे शिकवीन, भाषांतरं करीन. या आईची पत्रं नीट मराठीत आणावी असं फार मनात आहे.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. आईची पत्रं उरली, मुलीची उत्तरं नाहीत. ती पुढे घरातल्यांनीच नष्ट केली. इतकी वर्षं लेक काय म्हणत होती, ते आईच्या पत्रांवरून नुसतं ताडायचं.

आई, मी हॉस्टेलवर असताना तू पाठवलेली आंतर्देशीय पत्रं माझ्याकडे आहेत. आज सगळी काढून वाचली. एकात तू लिहिलंयस, "तुझं पत्र तीनदा वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं, आता असं मनाला लावून घेऊ नकोस." मी काय लिहिलं होतं ग? मला काही केल्या आठवत नाही. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत माझी पत्रं असतील तर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत घालू नकोस. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका. मी पुढच्या शनिवारी येते आहे, मीच काढीन.

तुमची,
धाकटी