पाळकसाहेब, अप्पांना योना वाचून दाखवलात म्हणून

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

अप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा भेटायला पुष्कळ लोक आले. "देव परीक्षा पाहतो" म्हणायचे, चहा घ्यायचे, प्रार्थना करून निघायचे. अप्पांनी मात्र मनाशी पक्कं धरलं होतं की ही परीक्षा नाही, शिक्षा आहे. तरुणपणी त्यांना सुवार्तिकाच्या कामाचं पाचारण झालं होतं आणि ते टाळून त्यांनी सरकारी नोकरी धरली, हे आम्हा मुलांना त्या आजारपणातच कळलं. "देवाने गाठलं मला," एवढंच बोलायचे.

तुम्ही त्यांची समजूत घालत बसला नाहीत. पवित्र शास्त्र उघडलंत आणि योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला घेतलंत; देवाने निनवे शहराला जाऊन संदेश दे म्हटलं, तर तो उलट दिशेला तार्शीशकडे पळाला, त्याचं. अध्याय चारच, पण ते तुम्ही कितीतरी मंगळवार पुरवलेत. याफोच्या बंदरात योना तार्शीशच्या जहाजाचं भाडं भरतो, त्या ओळीवर अप्पा पहिल्यांदा बोलले, "मीही भरलं, साहेब." तुम्ही नुसती मान हलवलीत आणि त्यांचं रडू ओसरेपर्यंत थांबलात.

मग वादळात समुद्रात टाकलेल्या योनाला गिळणारा मासा. माशाचं पोट म्हणजे योनाची कोठडी, असंच आम्ही लहानपणापासून समजत आलो. तुम्ही दुसऱ्या अध्यायातली प्रार्थना सावकाश वाचलीत. चहूकडून पाणी, डोक्याला शेवाळ गुंडाळलेलं, डोंगरांच्या बुडापर्यंत खाली गेलेला माणूस. "अप्पा, हा बुडत होता. मासा आला नसता तर गेलाच असता." वादळ ज्याने पाठवलं, मासाही त्यानेच पाठवला. अप्पांनी आपला चालता हात तुमच्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आई तांदळाचं सूप घेऊन दारातच उभी राहिली होती.

पुढे वचन योनाकडे दुसऱ्यांदा येतं आणि त्यात पळून गेल्याबद्दल एक शब्दही नाही, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. योम किप्पूरच्या दुपारी ज्यू लोक सभास्थानात हेच पुस्तक वाचतात, हे ऐकून अप्पांना फार बरं वाटलं. पश्चात्तापाच्या दिवशी वाचायचं ते पळालेल्या माणसाचं!

त्यांच्या मनात सगळ्यांत जास्त बसला तो चौथा अध्याय. योनाचा संदेश ऐकून पश्चात्ताप करणारं निनवे म्हणजे अश्शूर साम्राज्याचं शहर, आजच्या इराकमध्ये मोसुलपाशी. पुढे इ.स.पूर्व 722 च्या सुमारास याच अश्शूरने शोमरोन, म्हणजे योनाच्या इस्राएलची राजधानी, पाडलं. अशांना क्षमा मिळाली म्हणून योना चिडतो, मरण मागतो, आणि देव त्या चिडलेल्याशी बोलत राहतो. सावलीला वेल देतो, दुसऱ्या दिवशी वेलाला किडा लावतो, वर पूर्वेचा झळांचा वारा. कान पिळतो, पण सोडून जात नाही.

अप्पांचा पाय अजून उचलत नाही. तरी सकाळी ओट्यावर खुर्ची मागतात आणि गल्लीतल्या पोरांना योनाची गोष्ट सांगतात. माशापाशी थांबत नाहीत. निनवेतल्या 1,20,000 माणसांपर्यंत आणि त्यांच्या गुराढोरांपर्यंत नेतात. गुरांचीही देवाला कीव आली, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. साहेब, आमचे वडील आम्हाला परत मिळाले ते तुमच्यामुळे. मनापासून आभार.

बदलीच्या गावी निघण्याआधी एका मंगळवारी जेवायलाच या. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, आणि त्यावर अप्पांना काहीतरी विचारायचं आहे. आम्हाला सांगत नाहीत, म्हणतात साहेबांनाच विचारीन.

तुमची,
अप्पांची धाकटी लेक