पॉवर छापता, मग वजनही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या वाहन पुरवणीत मॅक्लारेन या ब्रिटिश कंपनीच्या ७६५एलटी या गाडीवर अर्धे पान होते. फोटो झकास. मजकुरात ७६५ हा पॉवरचा आकडा जागोजागी, किंमत दोनदा, 'राक्षसी ताकद' वगैरे नेहमीची विशेषणे. वजनाची मात्र 'गाडी हलकीही आहे' एवढ्यावर बोळवण. माझ्या मते खरी बातमी तिथेच होती.

मी चिंचवडला राहतो. सगळी नोकरी प्रेस शॉप आणि टूलरूममध्ये झाली. असली गाडी घेण्याची ऐपत सोडा, शेजारी उभे राहायलाही मी बिचकेन. पण पत्र्यातून ग्रॅम काढण्याच्या कामात हात काळे केले आहेत, म्हणून लिहितो.

मूळ ७२०एसचे तेल-पाणी-पेट्रोलसकट वजन १४१९ किलो. ७६५एलटीचे १३३९. म्हणजे ८० किलो कमी. आता हे ८० किलो गेले कुठे ते बघा. चाके आणि त्यांचे टायटॅनियमचे बोल्ट मिळून २२. कार्बन फायबरच्या सीटमुळे १८. एसी काढला, १०. म्युझिक सिस्टीम, दीड. काचा पातळ केल्या, मागची तर काच काढून पॉलिकार्बोनेट बसवले, ६. टायटॅनियमचा एक्झॉस्ट, ३.८. लिथियम-आयन बॅटरी, ३. शेवटी पायाखालचे कार्पेट उचलले, २.४ किलो. गल्ला मोजताना चार आणेही न सोडणाऱ्या वाण्यासारखा हा हिशेब आहे, आणि मला तो फार आवडला.

कारण एका जागी ८० किलो कधीच सापडत नाहीत. आमच्याकडे एकदा तळहाताएवढ्या ब्रॅकेटचा पत्रा २ मिमीवरून १.६ वर आणायचे ठरले. बचत जेमतेम तीस ग्रॅम. ऐकायला सोपे वाटते. पत्रा पातळ झाला की ब्रॅकेट थरथरते. मग ताठपणासाठी मधोमध बीड, म्हणजे पत्र्यातच उभारलेली रेघ, उठवायची. बीड उठवली की पत्रा कोपऱ्यात ओढला जाऊन फाटतो. मग डायची (ज्या साच्यात पत्रा दाबतात त्याची) त्रिज्या वाढवा, पंच (वरून दाबणारा भाग) पुन्हा घासा, ट्रायल घ्या. नखाने चाचपून पाहिले तर केसाएवढी चीर अजून तिथेच. वरून खरेदी खात्याचा माणूस विचारणार, 'एवढ्या तीस ग्रॅमसाठी?' हे ज्याने सोसले आहे त्यालाच मॅक्लारेनच्या इंग्लंडमधल्या वोकिंगच्या कारखान्यात कार्पेटचे २.४ किलो कोणी, कशाला मोजले असतील ते कळेल.

त्यातही चाकांचे २२ किलो सर्वांत मोलाचे. चाक स्प्रिंगच्या खाली असते. ते हलके झाले की खड्ड्यावरून गेल्यावर लवकर जमिनीला लागते, फिरवायला आणि थांबवायलाही कमी जोर पुरतो. छपरातून काढलेल्या किलोचा फायदा वेगळा, चाकातून काढलेल्या किलोचा वेगळा.

पॉवर वाढवणे पोरखेळ आहे असे मी म्हणत नाही. चार लिटरच्या ट्विन-टर्बो व्ही-८ मधून ७२० ऐवजी ७६५ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच) आणि ७७० ऐवजी ८०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढायचे तर हलके फोर्ज्ड पिस्टन, तीन थरांची हेड गॅस्केट, जादा फ्युएल पंप हे सारे आलेच. पण हिशेब करून बघा. पॉवर वाढली सव्वासहा टक्के, वजन घटले साडेपाच टक्क्यांहून थोडे जास्त. दर किलोमागे मिळणारी पॉवर वाढली साडेबारा टक्क्यांच्या वर. या वाढीत वजनाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. शिवाय पॉवर कामाला येते ती पाय दाबल्यावर. कमी वजन ब्रेक मारतानाही कामाला येते, वळतानाही, आणि टायरचे आयुष्य वाढते ते वेगळेच.

लेखात या गाडीला मूळ गाडीपेक्षा 'अधिक वेगवान' म्हटले आहे, तिथेही थोडे सांभाळून लिहायला हवे होते. ७२०एसचा कमाल वेग ताशी ३४१ किमी, एलटीचा ३३०. कमी! गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर २५ टक्क्यांनी वाढवला आणि गिअर आखूड केले, त्याची ही किंमत. सरळ रस्त्यावरचे ११ किमी सोडून वळणे पदरात पाडून घेतली. १९९७ साली याच घराण्यातली लांब शेपटीची एफ१ जीटीआर ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरी आणि तिसरी आली होती, एलटी म्हणजे लाँगटेल, लांब शेपटी, हे नाव तिथून उचललेले आहे. त्या शर्यतीत काय चालते हे त्यांना चांगले ठाऊक असणार.

गंमत पुढे आहे. काढलेला एसी हवा असला तर कंपनी एक पैसा जादा न घेता परत बसवून देत असे. म्हणजे १० किलो कमी केल्याची कौतुके आधी ऐकायची आणि मग निमूटपणे ते परत घ्यायचे. मुंबईत नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीचे शोरूम उघडले तेव्हा समोर आणली तीही स्पायडर, उघडणाऱ्या छपराची. ती बंद छपराच्या गाडीपेक्षा ४९ किलो जड. आपल्या उन्हात छप्पर कोण उघडणार देव जाणे. दोन्ही प्रकारच्या प्रत्येकी ७६५च गाड्या काढल्या, त्यामुळे विकत घेणाऱ्यांना किलोपेक्षा हा आकडा प्यारा असावा.

आता आपल्याकडे. पहिली मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास होती. आज मध्यम एसयूव्ही सहज बाराशे-तेराशे किलो भरते. त्यातले काही वजन एअरबॅगा आणि मजबूत सांगाड्याचे आहे, त्याबद्दल तक्रार नाही, ते हवेच. पण सनरूफ, भलीमोठी चाके, दोन-दोन स्क्रीन यांचे वजन कोणी विचारत नाही. उलट शोरूममध्ये लोक बोनेटवर बोटे वाजवून 'पत्रा जाड आहे ना?' विचारतात. अहो, अपघातात माणूस वाचतो तो आतल्या हाय-स्ट्रेंथ पोलादाच्या सांगाड्यामुळे. वरचा पत्रा ठोकून त्यातले काहीच कळत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाडीची चौकट असते : किंमत, इंजिन, पॉवर, मायलेज, बूट स्पेस. त्यात 'कर्ब वेट', म्हणजे तेल-पाणी-पेट्रोलसकट गाडीचे वजन, ही एक ओळ वाढवा. बहुतेक गाड्यांच्या तांत्रिक माहितीत हा आकडा मिळतो, आणि कंपनीने दिला नसेल तर 'कंपनीने दिलेले नाही' असे छापा. ७६५एलटीच्या चौकटीत तो नव्हता, म्हणून वर मीच दिला आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फोरमन, चिंचवड