नव्या छपराचं पहिलं वर्ष

बेळगाव,
१४ एप्रिल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

वास्तुशांत झाली, आता दोन-तीन वर्षं छपराकडं बघायला नको, असं तुझ्या गवंड्यानं सांगितलं म्हणे. बाकी त्याचं सगळं ऐक, एवढं मात्र ऐकू नकोस. छप्पर सगळ्यात जास्त हलतं ते पहिल्याच वर्षी. वासे-रिपा वाळतात, आकसतात, पिळतात. रिपांचे खिळे सैल होतात आणि आढ्यावरच्या सिमेंटला केसासारख्या चिरा जातात. त्यात तुझं घर जांबोटीच्या अंगाला. तिथं मिरगापासून म्हाताऱ्या पावसापर्यंत छपराला सुकायला उसंत मिळत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुझं छप्पर १२० चौरस मीटर धर. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, तर १२,००० लिटर पाणी त्यावरून वाहून जातं. ते कुठून वळतं आणि कुठं अडतं, हे मिरगाच्या आत बघून घ्यायचं. आठवडे जेमतेम आठ आहेत.

आधी माळ्यावर चढ. भर दुपारी, दिवा न लावता. कौलांच्या सांध्यांतून उजेडाच्या बारीक रेघा दिसतील, त्यांना घाबरू नकोस. कौलारू छप्पर तिथूनच श्वास घेतं. उजेडाचा गोल ठिपका किंवा कौलाच्या मधोमध गेलेली रेघ दिसली, तर ते कौल फुटलेलं. मग प्रत्येक कौलाची मागची खुंटी रिपेवर नीट अडकलीय का बघ. मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब. रिपांमधलं अंतर ३२ सेंटिमीटरच्या आसपास येतं, पण ते कधीही आकड्यावरून धरू नये, हातातल्या कौलावरून धरावं. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये या कौलांचा कारखाना सुरू केला, तेव्हापासून आकार तोच म्हणतात, तरी प्रत्येक कारखान्याचा साचा थोडाफार वेगळा. अंतर अर्ध्या इंचानं वाढलं, तर वरच्या कौलाचं खालच्यावरचं पांघरूण तेवढंच कमी होतं. उन्हाळ्यात ते कळत नाही. पश्चिमेचा वारा पाऊस आडवा मारतो, तेव्हा पाणी त्या फटीतून उलटं वर चढतं. अशी रीप सापडली, तर सुताराकडून सरकवूनच घे. वरून सिमेंट लिंपून ते दुखणं जात नाही.

कौलांची पारख कानानं होते. बोटाच्या पेरानं टिचकी मार. चांगलं कौल खणखणीत वाजतं, तडकलेलं भद्द आवाज करतं. वळचणीच्या खालच्या दोन ओळी आणि कडेच्या कौलांना खालच्या भोकातून जस्ताची तार ओवून रिपेला बांध. वारा पहिला हात घालतो तो तिथंच.

गळतीचं खरं घर मात्र कौल नव्हे, सांधा. तुझ्या घरात असे तीन आहेत. पहिला आढं. कोनकौलांखालच्या मसाल्याला चीर असेल तर वरून सिमेंटचं पाणी फासू नकोस, ते एका उन्हाळ्यात पापुद्र्यासारखं सुटतं. चीर एक-दीड सेंटिमीटर खोल खरवडून काढ, धूळ झाड, ओली कर, मग एक भाग सिमेंट नि चार भाग चाळलेली वाळू, त्यात पॉलिमरचं मिश्रण घालून भर. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायचं आणि सात दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवायचं. एप्रिलच्या उन्हात पाणी मारलं नाही, तर नवा मसालाही आठवड्यात तडकतो.

दुसरा सांधा, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ. पत्रा निदान ४५ सेंटिमीटर रुंद हवा. दोन्ही बाजूंची कौलं त्यावर दहा-दहा सेंटिमीटर यावीत आणि पत्र्याच्या कडा कौलाखाली वर मुडपलेल्या असाव्यात. तुझ्या अंगणातल्या फणसाची पानं इथंच येऊन साचणार. पान अडलं की माती अडते, माती अडली की पाणी कडेवरून आत उतरतं. पावसात दर पंधरा दिवसांनी लांब काठीच्या झाडूनं खालूनच पन्हळ मोकळी कर, ओल्या कौलांवर पाय ठेवू नकोस.

तिसरा सांधा मला सगळ्यात जास्त खटकतो. कौलांचा उतार मागच्या स्लॅबच्या खोलीच्या भिंतीला जिथं टेकतो, तो. तुझ्या फोटोत तिथं नुसता सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात लिंपलेली गोलाईची पट्टी, मारलेला दिसतो. लाकूड हलतं, भिंत हलत नाही, म्हणून तो वाटा याच पावसात भिंतीपासून सुटेल. तिथं पत्र्याची पट्टी हवी: भिंतीवर १५ सेंटिमीटर चढलेली, वरची कड भिंतीत अडीच सेंटिमीटर खोल काप घेऊन आत बसवलेली, खालची बाजू कौलांवर आलेली. कापात मसाला भर, पण पट्टी आणि कौल एकमेकांना चिकटवू नकोस. त्यांना सरकायला जागा लागते. सगळ्या कामांत एकच करायचं म्हटलंस, तर हे कर.

स्लॅबवर कोबा घातलास ते बरं झालं. आता पाइपाची तोंडं बंद करून दोन इंच पाणी तीन दिवस तुंबव आणि खालून छत, भिंतीचे कोपरे, पाइपाभोवतीची जागा बघ. डाग उठला तर पाइपाच्या गळ्याशीच उठण्याचा संभव जास्त. मग पाणी सोडून दे आणि तासाभरानं डबकी कुठं राहिली ते खडूनं आखून घे. उतार मीटरला एक सेंटिमीटर असला की पुरे. वॉटरप्रूफिंगचा हात मारायचा असेल, तर आधी मीटरभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेव. सकाळी आतून घाम आलेला दिसला, तर स्लॅब अजून ओला आहे. त्यावर लावलेला थर फुगून सुटणार. कोरडा असेल तर दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. आणि पावसात पाइपाच्या तोंडाची जाळी रोज बघायची. तोंड बुजून १५ सेंटिमीटर पाणी तुंबलं, तर चौरस मीटरला १५० किलो वजन होतं. वावर असलेल्या स्लॅबवर धरायचा भार साधारण तेवढाच असतो.

पडवीच्या पत्र्याचं थोडक्यात. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर असावेत. रबरी वॉशर नुसता दबलेला हवा, चेपून बाहेर आलेला नको. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी कीस मऊ झाडूनं आजच काढ, राहिला तर पहिल्याच ओलीत त्याच्या भोवती गंज धरतो.

वळीव झाला की लगेच बॅटरी घेऊन माळ्यावर जा. ओल जिथं दिसते तिथं पाणी शिरलेलं नसतं. ते वरच्या कुठल्या तरी सांध्यातून आत येतं, वाशाच्या पोटाला धरून दोन-तीन हात खाली सरकतं आणि गाठ किंवा खिळा आला की टपकतं. म्हणून डागापासून आढ्याकडं शोधत जायचं, वाशाला खडूनं खूण करायची आणि तारीख लिहायची. दुरुस्ती उघाडीतच.

पुढं पौष-माघात, थंडीच्या पहाटे, पडवीत पत्र्यातून थेंब पडायला लागले तर ती गळती समजू नकोस. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि खालच्या हवेतली वाफ त्यावर जमते. ओळख सोपी आहे: पाऊस नसताना, पहाटेच, सगळ्या पत्र्यावर सारखे थेंब. फटी बुजवायला जाशील तर ते वाढेल. उलट वळचणीला आणि वरच्या कडेला हवा खेळती ठेव. चुलीवरच्या पाण्याची वाफ पडवीत येत असेल, तर तिला दुसरी वाट काढून दे.

दिवाळीनंतर ऊन आलं की दुसरी फेरी. कौलांवरचं शेवाळ कोरडं झाल्यावर ब्रशनं खरवड. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं धुऊ देऊ नकोस, वरचं भाजलेलं कवच जातं आणि कौल जास्त पाणी पितं. यंदा रंगही नको, पाणी कुठं अडतं ते उघडं दिसू दे. वर चढावंच लागलं, तर शिडी आडवी टाकून तिच्यावरून, पाय रीप असेल तिथंच. वाशांची टोकं भिंतीत जातात तिथं वाळवीच्या मातीच्या रेघा बघ आणि सुताराकडून सैल खिळे घट्ट करून घे. हे पहिल्या वर्षी चुकवू नकोस.

आणखी एक, याच आठवड्यात करायचं. ज्या गाडीतून तुझी कौलं आली, त्याच साच्याची पन्नास कौलं आणि पाच-सहा कोनकौलं आणून माळ्यावर उभी रचून ठेव. तुमच्याकडं वानरं येतात, पावसात कौल फुटणारच. तेव्हा दुकानातून आणलेलं कौल शेजारच्या खाचेत बसेलच असं नाही. भिंतीच्या सांध्याचा जवळून काढलेला एक फोटो पाठव. पत्रा किती लांबीचा कापायचा ते त्यावरून सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शशिकांत