मुकाई चौकात पाच वाजून पाच मिनिटांनी

चिंचवड,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात मिळाले. नवी मुंबईत बेलापूरला बदली झाल्याचे वाचून अभिनंदन करावे की सांत्वन, हेच आधी ठरवता येईना. बिऱ्हाड चिंचवडलाच ठेवून रोज ये-जा करण्याचा तुझा बेत आहे आणि ‘गर्दी चुकवण्याची एखादी वाट तुला ठाऊक असेलच’ असे तू मोठ्या विश्वासाने लिहिले आहेस. मधला टाळेबंदीचा काळ सोडला तर गेली सहा वर्षे मी हाच रस्ता तुडवतो आहे, त्यामुळे तुला ताटकळत न ठेवता सांगून टाकतो की अशी वाट नाही. वेळ मात्र आहे.

वाट का नाही, ते आधी ऐक. किवळ्यापासून कळंबोलीपर्यंतचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. त्याच्या जोडीला जुना महामार्ग लोणावळा-खोपोलीवरून जातोच, तेव्हा एक तुंबला की दुसरा धरावा, असे कोणालाही वाटते. पहिले वर्षभर मीही तेच करीत होतो आणि आपण फार हुशारी केली अशा समजुतीत होतो. पण खंडाळ्याच्या खाली घाटात काही किलोमीटर हे दोन्ही रस्ते एकच होतात आणि दहा मार्गिकांवरून येणारी वाहने तेथे सहा मार्गिकांत कोंबली जातात. म्हणजे जुन्या रस्त्याने वळसा घालून आपण त्याच रांगेत, कदाचित चार गाड्या मागे, येऊन उभे राहतो. १८३० साली बांधलेला अमृतांजन पूल टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये पाडला, त्याने त्या वळणावरची अडचण थोडी कमी झाली. घाट मात्र घाटच राहिला. बोगदे आणि उंच पूल बांधून हा टप्पा टाळणाऱ्या ‘मिसिंग लिंक’चे काम चालू आहे आणि त्याने सुमारे सहा किलोमीटर अंतर वाचणार आहे. पण ते होईल तेव्हा होईल. तुला २ सप्टेंबरला रुजू व्हायचे आहे.

आता वेळेविषयी. आम्ही चौघे एका गाडीने जातो. पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी किवळ्याच्या मुकाई चौकातून गाडी सुटते, सहाच्या सुमारास आम्ही घाट उतरलेलो असतो आणि साडेसहाला कळंबोली मागे पडते. सातच्या आत बेलापूर. हाच प्रवास सात वाजता सुरू केला, तर साडेनऊला पोहोचलो तरी नशीब समजावे, कारण कळंबोलीला पुण्याचा, गोव्याचा आणि उरणच्या बंदराचा असे तिन्ही रस्ते एकत्र येतात आणि आठनंतर तेथे कंटेनरच्या रांगेत आपली मोटार काडेपेटीसारखी दिसू लागते. दोन तास उशिरा निघून वर पाऊण तासाची भर, असा हा हिशेब आहे.

परतताना तर हे अधिकच जाणवते, कारण तेव्हा घाट चढायचा असतो. साडेतीनला बेलापूर सोडले की पाचच्या आत आम्ही लोणावळ्यात असतो. हे जमावे म्हणून मी साहेबांकडे कामाची वेळ साडेसात ते साडेतीन करून मागितली. मागताना फार संकोच वाटला होता आणि त्यांनी एका मिनिटात हो म्हटले, तेव्हा तीन वर्षे आधी का विचारले नाही, याची चुटपुट लागली. तू हे पहिल्याच आठवड्यात विचारून टाक. नव्या माणसाने सवलत मागू नये वगैरे तुझे जे काही मत असेल, ते कृपा करून बाजूला ठेव.

हा नियम मोडला की काय होते, ते याच बुधवारी पुन्हा अनुभवले. १४ तारखेला बैठक लांबली आणि निघायला साडेपाच वाजले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन, पाठोपाठ शनिवार-रविवार आणि राखीपौर्णिमा, त्यामुळे निम्मी मुंबई लोणावळ्याला निघाली होती. खालापूरचा टोलनाका ओलांडला आणि पुढे सगळे लाल दिवे. चढावर एक ट्रक बंद पडला होता. मागच्या चाकाखाली एवढा मोठा धोंडा लावलेला, आणि क्लीनर त्या धोंड्यावर एक पाय ठेवून भर पावसात डोक्यावर पोते घेऊन उभा. क्लचप्लेट जळाल्याचा करपट वास काचा बंद असूनही आत येत होता. ट्रक मागे पडल्यावर वाटले, सुटलो. पण खंडाळ्याच्या पुढे पुन्हा तसेच, पाच मीटर सरकायचे आणि थांबायचे. अर्ध्या तासाने ती कोंडी आपोआप विरली. पुढे ना अपघात, ना बंद गाडी, ना पोलीस. घरी पोहोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

या शेवटच्या प्रकाराचे मला फार कुतूहल होते. २००८ साली जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो वाचल्यावर उलगडा झाला. त्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी एकाच वेगाने फिरवायला सांगितल्या. वाटेत अडथळा काहीही नव्हता, तरी थोड्याच वेळात कोणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याने जरा अधिक ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि पाहता पाहता कोंडी तयार होऊन ती मागे मागे सरकू लागली. म्हणजे रस्त्यावर ठरावीक संख्येच्या वर गाड्या झाल्या की कोंडीला निमित्तही लागत नाही. आपण अर्धा तास आधी निघतो, तेव्हा त्या संख्येच्या खाली असतो, एवढीच आपली करामत.

पहाटे रस्ता रिकामा मिळेल, अशी मात्र कल्पना करून घेऊ नकोस. शहरांत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून त्याआधी पोहोचण्याची ट्रकवाल्यांनाही आपल्यासारखीच घाई असते. उतारावर ते दुसऱ्या गिअरमध्ये येतात आणि एखादा मधूनच उजवीकडे घुसतो. म्हणून घाटात मधली मार्गिका सोडायची नाही आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचे. सपाटीवरही शंभरच्या वर जायचे नाही, कारण आता जागोजागी कॅमेरे आहेत आणि चलान घरी पोहोचण्याआधी मोबाईलवर येते. पावसाळ्यात धुके आणि दरडी यांचेही भय असते. गेल्या वर्षी जुलैमध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, त्या आठवड्यात मी सरळ सिंहगड एक्सप्रेसने चिंचवडहून ठाण्याला गेलो आणि तेथून पनवेल लोकलने बेलापूरला. हा द्राविडी प्राणायाम रोज करण्यासारखा नाही, पण ठाऊक असलेला बरा.

खर्चाचे सांगायचे तर मोटारीला टोल एका बाजूचा ३२० रुपये, म्हणजे रोजचे ६४०. चौघांत प्रत्येकी १६०. एकट्याने गाडी नेण्याचा विचारही करू नकोस. पैशापेक्षा झोपेचे कारण मोठे आहे, कारण चालवण्याची पाळी चार दिवसांतून एकदा येते आणि उरलेले तीन दिवस खोपोलीपर्यंत डुलकी काढता येते.

झोपेवरून आठवले, याची किंमतही तुला सांगायला हवी. चार वाजून दहा मिनिटांचा गजर लावायचा, तर रात्री साडेनऊला अंथरुणावर पडावे लागते. आमच्या घरात मी झोपायला जातो तेव्हा इतरांची पाने मांडली जात असतात. हिच्या भावाच्या लग्नाच्या वाढदिवशी मी वरणभाताच्या आधी खुर्चीतच झोपलो होतो, ते अजून ऐकवले जाते. मात्र सहाच्या आत घरी आल्यावर मुलीचा अभ्यास घेता येतो आणि उजेड असेपर्यंत तिच्याबरोबर सायकलवर एक फेरी होते. पूर्वी मी येई तेव्हा ती झोपलेली असे. वहिनींशी हे आधीच नीट बोलून घे. पहाटेच्या डब्याचा प्रश्न फक्त तुझा नाही. आमच्याकडे भाजी मी रात्रीच चिरून ठेवतो.

आणखी एक. ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी आहे. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, कोकणात जाणारे सगळे चाकरमानी पनवेलला जमा होतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रजा मागणे जड जाईल हे कबूल, पण निदान त्या दिवशी तीनच्या आत निघण्याची परवानगी काढून ठेव.

आमच्यातील एकाने या महिनाअखेरीस वाशीला घर घेतले आहे, त्यामुळे गाडीत डावीकडची मागची जागा रिकामी होते आहे. बाकी दोघांना मी तुझे नाव सांगून ठेवले आहे. २ तारखेला मुकाई चौकात बसथांब्यापाशी उभा राहा. पाच वाजून सहा मिनिटांनी आम्ही तेथे नसू, हे लक्षात ठेव. माझ्यासाठीसुद्धा हे लोक एकदाही थांबलेले नाहीत.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर